डकवीडवर मंगळ पोसणाऱ्यांनो, आधी तराजू काढा

‘चमचाभर डकवीड मंगळावर न्या. दोन दिवसांत दुप्पट होतं, महिन्याभरात अख्खी वसाहत पोटभर जेवेल, दुसरं पीकच नको!’ हा फॉरवर्ड सध्या जोरात फिरतोय. भाच्याने तो विज्ञान प्रदर्शनाच्या तक्त्यावर जसाच्या तसा उतरवलेला पाहिला आणि डोकंच फिरलं.

आधी ते ‘पोटभर’ बघू. डबक्यावर साय धरावी तशी दिसणारी ही वनस्पती ९२ ते ९५ टक्के पाणीच असते. १०० ग्रॅम निथळून घेतली तर सुका ऐवज पाच ते आठ ग्रॅम. ग्रॅमला चार किलोकॅलरी धरल्या (तंतू पचत नाहीत, म्हणजे हेही सढळ हातानेच) तरी हाती येतात २० ते ३२. माणसाला दिवसाला साधारण २५०० लागतात. करा भागाकार: रोज आठ ते साडेबारा किलो हिरवा लगदा, तोही माणशी! वाळवून पीठ करू म्हणाल, तर वाळवायला वीज लागणार आणि उडालेली वाफ पुन्हा पकडावी लागणार. तिथे पाण्याचा थेंबही वाया घालवून चालत नाही.

प्रथिनांचं खरं आहे, मानावंच लागेल. आपेनरोथ आणि सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये ‘फूड केमिस्ट्री’ नियतकालिकात डकवीडच्या पाचही प्रजातींचं (म्हणजे जीनसचं; एकेका प्रजातीत अनेक जाती येतात) विश्लेषण दिलं: सुक्या वजनात प्रथिनं २० ते ३५ टक्के, अमिनो आम्लंही उत्तम. पण त्याच निबंधात स्टार्च ४ ते १० आणि स्निग्धांश ४ ते ७ टक्के आहे, तो आकडा फॉरवर्डवाल्यांनी सोयीस्कर गाळला. म्हणजे हे जेवणातलं तोंडी लावणं. भात-भाकरीची जागा ते घेणार नाही.

‘दोन दिवसांत दुप्पट’ हे चांगल्या परिस्थितीत होतंही, पण मोकळी जागा असेपर्यंतच. पृष्ठभाग भरला की पानं एकमेकांवर चढतात, खालच्यांना उजेड मिळत नाही. मग महिन्यात पंधरा वेळा दुप्पट होऊन ३२,७६८ पट वगैरे कागदावरच राहतं.

फॉरवर्ड पुढे म्हणतो, ‘कुठलीही जात चालेल’. खरंच? डकवीडच्याच लेम्ना या प्रजातीत कॅल्शियम ऑक्सलेटचे (बहुतेक मुतखडे याचेच बनतात) स्फटिक असतात, वुल्फिया या दुसऱ्या प्रजातीत जवळपास नसतात. वजनरहित प्रवासात हाडांतलं कॅल्शियम लघवीत उतरून मुतखड्याचा धोका आधीच वाढलेला असतो, तिथे हा फरक बारीकसारीक नाही.

आणि फॉरवर्डची शेवटची ओळ, ‘आजच जवळच्या डबक्यातून काढून खायला लागा’. अरे, डकवीड पाण्यातले जड धातू शोषून घेतं, म्हणून तर ते सांडपाणी शुद्धीकरणात वापरतात. खायचंच असेल तर खाण्यासाठी स्वच्छ पाण्यात मुद्दाम वाढवलेलं खा.