इंजिन म्हणजे स्कूटी नाही, ते माहितीये भो

"इंजिन म्हणजे काय स्कूटी आहे का? बायकांना रेल्वे ड्रायव्हर करून प्रवाशांच्या जिवाशी खेळ चाललाय, पुढे पाठवा." हा मेसेज या आठवड्यात आमच्या भुसावळच्याच तीन ग्रुपवर फिरला. अरे, रेल्वेचं गाव हे, टाकायच्या आधी शेजारी तरी विचारायचं! वडील मालगाडीवर होते, म्हणून लिहितो.

म्हणे ताकद लागते. कोळसा टाकायचे दिवस गेले बापा. इंजिनाला स्टेअरिंग नसतंच, रूळ नेतील तिकडं गाडी जाते. हातात असतात नॉच, म्हणजे वेग कमी-जास्त करायचे टप्पे, अन ब्रेक, आणि ब्रेक लागतो हवेच्या प्रेशरवर, दंडाच्या जोरावर नाही. खरी परीक्षा सिग्नलवर नजर ठेवायची अन जागं राहायची, मिनिटभर कशालाच हात लावला नाही तर आधी लाइट लागतो, मग बझर वाजतो, तरी ड्रायव्हर गप्पच तर इंजिन स्वतःच ब्रेक मारतं, ते काही बाई का बुवा बघत नाही.

म्हणे घाटात गोंधळतात. साताऱ्याच्या सुरेखा यादव, आशियातल्या पहिल्या महिला रेल्वे ड्रायव्हर. 2011 मध्ये 8 मार्चला त्यांनी डेक्कन क्वीन पुण्याहून मुंबईला नेली, 2023 मध्ये सोलापूरची वंदे भारत, आणि दोन्ही गाड्या बोरघाटातूनच उतरतात, चढ-उतार 37 ला 1, म्हणजे 37 मीटर पुढं गेलं की 1 मीटर खाली. सप्टेंबर 2025 मध्ये रिटायर होताना त्यांच्या हातात कोणती गाडी होती, तर आपल्या जळगावला थांबते ती राजधानी! इगतपुरीहून मुंबईला, म्हणजे कसारा घाट उतरून. मेसेज लिहिणाऱ्यानं कसारा खिडकीतूनच पाहिलेला दिसतो.

म्हणे पास करताना सूट मिळते. असिस्टंट लोको पायलटचा, म्हणजे सहायक ड्रायव्हरचा पेपर पोरापोरींना एकच, अॅप्टिट्यूड टेस्टही तीच. मेडिकल ए-1, म्हणजे नजरेची सगळ्यात कडक तपासणी, चष्मा असला की बाहेर. तिथंच कितीतरी पोरं गळतात, तो राग बायकांवर काढू नका.

रात्रपाळीचं तर बोलूच नका, दवाखान्यातल्या सिस्टर काय संध्याकाळी घरी जातात?

एक अडचण मात्र खरी आहे, ती मेसेजमध्ये नव्हतीच. बऱ्याच इंजिनांत बाथरूम नाही. मालगाडी लूपला, म्हणजे बाजूच्या रुळावर, तास-तास उभी, बाहेर मे महिन्याचं भुसावळचं ऊन, पुरुष निदान खाली उतरून आडोसा बघतो, बाईनं काय करायचं? मग त्या पाणीच कमी पितात. फॉरवर्ड करायचंच तर हे करा.