ताई, तिचा मोबाईल कपाटातून काढ

'पालकांनो, जागे व्हा! कॉलेजात मास्तर शिकवत नाहीत, मोबाईल खेळायला लावतात.' हा फॉरवर्ड सोलापुरात बरेच दिवस फिरतोय. मी सोडून दिला होता. पण रविवारी जुळे सोलापुरात ताईकडे गेलो, तर तिनं तो वाचून बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला असलेल्या भाचीचा मोबाईल कपाटात कुलूप लावून ठेवलेला. मी स्वतः फिजिक्स शिकवतो, तेही मोबाईलवर प्रश्न टाकून!

'तासाला क्विझ घेणारा मास्तर कामचुकार.' एक क्विझ काढून बघा. पटेल असा चुकीचा पर्याय सुचायला अख्खी संध्याकाळ जाते.

'परीक्षा तर कागदावरच असते.' असते. म्हणून डोकं कोरं ठेवायचं का?

खरा घातक मुद्दा पुढचा: 'मुलांनाच विचारा, त्यांना फळ्यावर सलग शिकवणारे सरच आवडतात.' आवडतात, आणि तिथंच गोची आहे. हार्वर्डच्या फिजिक्सच्या वर्गांवरचा एक अभ्यास 2019 मध्ये 'पीएनएएस' या अमेरिकी विज्ञान-नियतकालिकात आला. धडा तोच. काहींना उत्तम व्याख्यान, काहींनी गटात बसून गणितं सोडवायची. आपल्याला जास्त कळलं असं वाटलं व्याख्यानवाल्यांना. चाचणीत मार्क जास्त पडले ते सोडवणाऱ्यांना.

माझ्या वर्गातलंच सांगतो. वर फेकलेला चेंडू सगळ्यात उंच पोचतो, त्या क्षणी त्याचा प्रवेग, म्हणजे वेग बदलण्याचा दर, किती? मोबाईलवर निम्म्याहून जास्त वर्गानं 'शून्य' दाबलं. मी उत्तर न सांगता म्हटलं, शेजाऱ्याला पटवा. पाच मिनिटं नुसता कल्ला. मागच्या बाकावरून एकीनं पेनाचं टोपण हवेत धरलं, 'वेग शून्य अन् प्रवेगबी शून्य, मग ते खाली येतंय कशाला? तिथंच लटकंल की!' दुसऱ्यांदा मत घेतलं, तर 'शून्य'वाले मोजकेच उरले. फळ्यावर मी हेच दरवर्षी लिहायचो. माना डोलायच्या आणि पेपरात पुन्हा 'शून्य'.

एक मात्र कबूल, नाइलाजानं. 2020 च्या लॉकडाऊनमध्ये तासभराचे व्हिडिओ ग्रुपवर टाकून आम्हीही 'ऑनलाइन शिकवलं' म्हटलंय. त्याला शिकवणं म्हणत नाहीत. मोहोळ-अक्कलकोटहून एसटीनं येणाऱ्या सगळ्यांकडे डेटा असतोच असंही नाही. म्हणून मी बाकाला एकच मोबाईल ठेवतो. भांडण आणखी चांगलं रंगतं.

भाचीच्या सरांनी गुरुवारच्या तासाआधी पाच प्रश्न पाठवलेत म्हणे. ताई, किल्ली दे.