जुन्या घरात राहायला जाताय? आधी विचारा, घरचे लोक तिथे राहतात का

कोकणात जुन्या घरात राहायला जायचं असेल ना, तर फोटो, रेटिंग, एसी आहे का, स्विमिंग पूल आहे का हे सगळं बाजूला ठेवा आणि फोनवर पहिला प्रश्न एवढाच विचारा की घरचे लोक त्या घरात राहतात का. हो म्हणाले तर डोळे झाकून जा. मॅनेजर आहे, केअरटेकर आहे असं म्हणाले तर ते हॉटेल आहे. चांगलं हॉटेल असेलही, पण मी लिहितेय ते त्याबद्दल नाही.

बेड अँड ब्रेकफास्ट हा प्रकार आपल्याकडे नवा नाही, राज्याच्या पर्यटन खात्याची निवास-न्याहारी योजना कितीतरी वर्षं चालू आहे आणि केंद्र सरकारचीही अशीच योजना आहे. केंद्राच्या नियमात दोन गोष्टी मला फार पटतात. एक म्हणजे भाड्याने द्यायच्या खोल्या जास्तीत जास्त ६, बेड १२, त्याच्या वर नाही. आणि दुसरं, मालकाने कुटुंबासह त्याच घरात राहिलं पाहिजे. ही दुसरी अट म्हणजेच खरं तर सगळं काही आहे, आणि ती कागदावर पाळून प्रत्यक्षात सोडून दिली की काय होतं ते आता किनाऱ्याकिनाऱ्याने दिसतंच आहे.

आम्ही लांजा-राजापूरच्या बाजूला एका जुन्या चिरेबंदी घरात राहून आलो, समुद्रापासून चांगलं आत, गावाचं नाव लिहीत नाही कारण घरच्यांना गर्दी नकोय. काका-काकू दोघंच असतात, मुलं पुण्यात. समोर खळं म्हणजे अंगण, मग पायऱ्या चढून पडवी, ओटी, आत माजघर, देवघर, त्याच्या मागे स्वयंपाकघर आणि मागच्या दारी विहीर. पाहुण्यांना दिलेल्या खोल्यांमधली एक पूर्वीची भाताच्या कोठाराची खोली आहे. भर मे महिन्यात दुपारी एक वाजता त्या खोलीत आम्ही फॅन मंद ठेवून झोपलो यावर माझ्या बहिणीचा अजून विश्वास बसत नाहीये.

पण यात जादू काही नाही. जांभ्याच्या, म्हणजे कोकणातल्या तांबड्या दगडाच्या भिंती जाड, दीड-दोन फुटांच्या, बाहेरचं ऊन आत पोचेपर्यंत संध्याकाळ होते. वर माळा, म्हणजे कौलं तापली तरी तो ताप थेट डोक्यावर येत नाही. आणि कौलांच्या फटींतून गरम हवा आपली आपण वर निघून जाते. मुख्य घरावर मंगळुरी कौलं आहेत, ही कौलं आपल्याला जुनी वाटतात पण बासेल मिशनवाल्यांनी मंगळूरला कारखाना काढला तो १८६५ साली, त्याच्या आधी सगळीकडे नळीची कौलं, गावच्या कुंभाराने केलेली. ह्या घराच्या गोठ्यावर ती अजून आहेत. काका म्हणाले ती चाळणारा, म्हणजे उतरवून पुन्हा नीट बसवणारा माणूसच आता मिळत नाही, एक म्हातारे गृहस्थ आहेत तेवढेच.

आणि इथेच मुद्दा येतो. रत्नागिरीकडे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. कौलारू घर दर वर्षी पावसाआधी शाकारावं लागतं, फुटलेली कौलं बदला, वासे तपासा, वाळवी लागलीय का बघा. एक वर्ष सोडलं तर चालतं, दोन वर्षं सोडली की पाणी वाश्यात जातं, आणि मग तुळईत, आणि मग भिंतीत. बंद घर पाच-सात पावसात बसतं. हे काम पगारी केअरटेकर करत नाही, त्याचा दोष नाही, पण रात्री दोन वाजता कुठे टपटप आवाज येतोय हे ऐकून उठणारा माणूस घरचाच लागतो. म्हणून मी म्हणते की पाहुण्यांनी दिलेले पैसे कुठे जातात ते बघा. काकांनी साफ सांगितलं, मे महिन्याचं भाडं म्हणजे आमची शाकारणी.

आता एक गोष्ट जी अशा पोस्टमध्ये कोणी लिहीत नाही, ती लिहिते. ही मोठी घरं उभी कशी राहिली? ओटीवर बसून मी काकांना विचारलं, घर कोणी बांधलं. ते म्हणाले, "पणजोबांनी बांधलं असं आपण म्हणतो हो, पण चिरे काय पणजोबांनी वाहिले नाहीत." मग त्यांनीच खळ्याकडे हात करून दाखवलं, इथे कुळांचा खंड, म्हणजे जमीन कसायला दिल्याबद्दलचं भात, मोजून घ्यायचे. खोताचं घर, म्हणजे गावचा सारा वसूल करणाऱ्या वतनदाराचं. भात मोजायचं खळ्यात आणि ठेवायचं त्या कोठारात, जिथे आम्ही दुपारी झोपलो होतो. खोती ही काय चीज होती हे कोकणाबाहेरच्या खूप लोकांना माहीत नसतं. कुळांनी राबायचं, पिकाचा मोठा वाटा खोताला द्यायचा, वर वेठ, म्हणजे सक्तीची फुकट मजुरी. ह्याच्याविरुद्ध अलिबागजवळ चरीच्या शेतकऱ्यांनी १९३३ ते १९३९ संप केला, जमिनी पडीक ठेवल्या, नारायण नागू पाटील त्यांचे पुढारी. बाबासाहेबांनी १९३७ मध्ये मुंबईच्या विधिमंडळात खोती रद्द करायचं बिल मांडलं. शेवटी १९४९ चा खोती निर्मूलन कायदा आला, कुळकायद्याने जमिनी कसणाऱ्यांच्या झाल्या, आणि ते झालं ते अत्यंत योग्य झालं.

पण त्या दिवसापासून ह्या घरांना उत्पन्नच राहिलं नाही. घर बांधलेलं खंडावर, आणि खंड बंद. मग काही वर्षं मुंबईच्या पगारातून चाललं, मनीऑर्डर यायची, पुढची पिढी तिकडेच स्थायिक झाली आणि इकडे कुलूप. त्यामुळे आज एखाद्या घरमालकाने दोन-तीन खोल्या पाहुण्यांना दिल्या, स्वतः राबला, काकू पहाटे उठून स्वतः न्याहारी करतात, विहिरीवरचा पंप बिघडला तर काका स्वतः बघतात, तर त्या घराच्या इतिहासातली ही पहिली वेळ असेल की घर घरच्यांच्याच कष्टावर उभं आहे. मला हे फार मोठं वाटतं, मनापासून सांगते. काका हे सगळं पाहुण्यांना सांगतात, लपवत नाहीत, म्हणून त्या घराबद्दल माझा आदर आणखी वाढला. "हेरिटेज" म्हणून नुसते खांब आणि झोपाळा दाखवणारी ठिकाणं मी पाहिलीत, तिथे कोठाराच्या खोलीला इंग्रजी नाव देतात आणि विषय संपतो.

न्याहारीबद्दल लिहिलं नाही तर काकू रागावतील. घावन आणि ओल्या नारळाची चटणी, दुसऱ्या दिवशी मऊभात, मेतकूट, घरचं तूप आणि भाजलेला पापड, एक दिवस आंब्याचं सांदण. त्या घरात जे सकाळी होतं तेच आपल्याला, फक्त जास्त. आम्ही होतो तेव्हा शेजारच्या खोलीतल्या ग्रुपला ब्रेड-बटर आणि ऑम्लेट हवं होतं, नाही म्हटल्यावर त्यांनी "मग ब्रेकफास्ट इन्क्लुडेड कशाला लिहिता" असा वाद घातला. मला खरंच वाईट वाटलं. अहो, तव्यावरून थेट ताटात येणारं घावन सोडून तालुक्याहून आणलेला ब्रेड मागायचा? आणि काकूंचं वय सत्तरच्या पुढे. मेनू कार्ड हवं असेल तर हायवेला हॉटेलं आहेत.

तीच गोष्ट एसीची. लोकांना कळत नाही की एसी लावायचा म्हणजे खोली सील करायची, म्हणजे खाली पीओपीचं सिलिंग, म्हणजे माळ्याची हवा बंद, दमट हवा कोंडली की लाकडाला वाळवी. बाथरूम अटॅच्ड पाहिजे म्हणून जांभ्याच्या भिंती फोडून पाइप घालायचे, ओल दिसायला लागली की वरून सिमेंटचं प्लास्टर, आणि जांभा हा पाणी पिणारा दगड, त्याला चुन्याचा गिलावा चालतो कारण ओल परत बाहेर पडते, सिमेंटखाली ती अडकून राहते. आपल्या एकेका रिव्ह्यूमुळे ही तोडफोड होते हे मी अतिशय गंभीरपणे म्हणतेय. आमच्या इथे काकांनी मागच्या पडवीला लागून वेगळी बाथरूम बांधलीत, स्वच्छ, गरम पाणी, दहा पावलं चालावं लागतं. चाला की.

आणि भावात घासाघीस करू नका. शहरात एका जेवणाला आपण जेवढे देतो त्याच्यात इथे मुक्काम आणि न्याहारी होते.

सगळ्यात अवघड प्रश्न मात्र वाटणीचा आहे. गावोगाव अशी घरं पडतायत ती पैशाअभावी कमी आणि सह्यांअभावी जास्त. उताऱ्यावर पंधरा-वीस सहहिस्सेदार, निम्मे मुंबईत, दोन परदेशात, दोन भाऊ एकमेकांशी बोलत नाहीत. दुरुस्तीला कोणी पैसे देत नाही पण कोणी दुरुस्ती करतो म्हटलं की हरकत घ्यायला सगळे येतात. गोव्यातही हेच, तिथल्या दिवाणी कायद्याने मुलगा-मुलगी सगळ्यांना वाटा, जो न्याय्यच आहे, पण वारस जगभर पसरले की घराला कुलूप. उलट गोव्यातल्याच केप्याचं पालासिओ दो देआंव बघा, १७८७ चं घर, एका जोडप्याने ते घेऊन स्वतः दुरुस्त केलं आणि आता तिथे आधी कळवून गेलं तर जेवायलाही मिळतं. जिथे कोणीतरी एक राहतो आणि निर्णय घेऊ शकतो तिथे घर टिकतं. तुमचं कोकणात सामाईक घर असेल आणि एखादा चुलतभाऊ तिथे राहून दोन खोल्या चालवायला तयार असेल तर हिस्सा नंतर मोजा, आधी त्याला संमतीपत्र द्या. ह्या घराचं तसंच झालं, सगळ्या चुलत भावंडांनी सह्या दिल्या, बदल्यात एवढंच ठरलं की सणाला घर सगळ्यांचं.

म्हणून जायचं असेल तर मे मध्ये जा किंवा जूनमध्ये पहिल्या पावसाला जा, नेटवर्क धड नसतं त्यामुळे रोख पैसे जवळ ठेवा. गणपतीत मात्र फोन करू नका. तेव्हा चाकरमानी येतात, कोठाराच्या खोलीतसुद्धा गाद्या पडतात आणि पाहुण्यांना जागा नसते.