स्वच्छतागृहे : मी

पत्रक काल रात्री आलं. आमच्या कार क्लबच्या, ऑक्टोबरात रंगलेली पानं बघायला जायच्या फेरीचं. वर मेपलच्या लालभडक पानाचं चित्र, खाली अठरा गाड्यांची यादी आणि तळाशी कामांची वाटणी. मार्गाची आखणी : हिरव्या गाडीचे मालक. आघाडीची गाडी : तेच. आणि सगळ्यात शेवटी, लग्नपत्रिकेत 'आमच्या मामाच्या लग्नाला यायचं हं' छापतात त्या जागी, स्वच्छतागृहे : मी.

ऑगस्टपासून नकाशे कोणी पालथे घातले? मी. लिंकन ते कॉनवे हा न्यू हॅम्पशरचा डोंगरी रस्ता मैलाच्या दशांशापर्यंत मोजून कुठे वळायचं, कुठे थांबायचं, कुठे अठरा गाड्या एकदम मावतील याचा तक्ता कोणी केला? मी. त्यासाठी बॉस्टनहून पहाटे उठून कोण गेलं, पेट्रोल कोणाचं जळलं आणि वाटेतल्या दुकानात वाहनतळाची परवानगी मागताना नको असलेला मेपल सिरपचा कॅन कोणी विकत घेतला? तो कॅन अजून आमच्या ओट्यावर आहे. बायको त्याच्याकडे बघते आणि मग माझ्याकडे बघते.

आमच्या क्लबात माणसाला त्याच्या नावापेक्षा गाडीने जास्त ओळखतात. मी 'सिल्व्हर मियाटा', म्हणजे माझी दोन माणसांची छोटी गाडी. माझं आडनाव पाच अक्षरी असल्यामुळे ही सोय सगळ्यांनी आनंदाने स्वीकारली. हिरव्या गाडीच्या मालकांनाही नाव आहे, पण मी मनातल्या मनात त्यांना नाना म्हणतो. हौसिंग सोसायटीच्या वार्षिक सभेत ताळेबंद न वाचता दुसऱ्याच पानावरच्या चहाच्या खर्चावर बोट ठेवणारा एक सभासद असतो ना, तो इथे गोरा आहे, सत्तरी ओलांडलेला आहे आणि त्याच्याकडे साठच्या दशकातली, दोन माणसांची, उघड्या टपाची ब्रिटिश गाडी आहे. एवढाच काय तो फरक.

रस्त्याबद्दल सांगायचं तर कँकामॉगस हायवे, म्हणजे 112 क्रमांकाचा रस्ता, 34.5 मैलांचा. स्थानिक लोक नुसतं 'द कँक' म्हणतात. दोन्ही टोकं जोडून तो सलग झाला 1959 साली. खिंड 2,855 फुटांवर, आणि जवळजवळ सगळा रस्ता राष्ट्रीय वनातून जातो. त्यामुळे वाटेत हॉटेल नाही, दुकान नाही, पेट्रोल पंप नाही, आणि बऱ्याच भागात फोनला रेंजही नाही. फक्त झाडं, ओढे आणि आपल्यासारखेच झाडं बघायला आलेले लोक. ऑक्टोबरच्या दुसऱ्या सोमवारी इथे सुट्टी असते. त्या जोडसुट्टीत अर्धं न्यू इंग्लंड, म्हणजे अमेरिकेचा हा ईशान्य कोपरा, या रस्त्यावर येतं आणि कॉनवेजवळ गाड्या अशा तुंबतात की पान देठापासून सुटून खाली पडेपर्यंतचा सगळा प्रवास एका जागी बसून बघता येतो. म्हणून मी त्या जोडसुट्टीच्या आधीच्या आठवड्यातला शनिवार धरला. इथपर्यंत कोणाची हरकत नव्हती.

बैठक एका डायनरच्या मागच्या खोलीत होती. मी तक्ता प्लॅस्टिकच्या आवरणात घालून नेला होता. नानांनी चष्मा काढला, पुसला, लावला आणि तक्त्याकडे न बघता मला विचारलं,

"लाल किती?"

"काय लाल?"

"पानं. टक्क्यांत सांग."

मी म्हटलं, असं सांगता येत नाही. साधारण त्या सुमाराला तिथे रंग भरात असतो.

"साधारण म्हणजे काय? माझी बायको लाल बघायला येणार आहे. गेल्या वर्षी तिला पिवळं दाखवलं. पिवळं आमच्या अंगणात आहे."

आता मी अभ्यास करून गेलो होतो, ही खरी गोम. अभ्यास करून गेलेल्या माणसाला गप्प बसवत नाही. मी सांगायला लागलो. दिवस लहान झाले की पानातलं हरितद्रव्य तयार व्हायचं थांबतं. पिवळा रंग पानात आधीपासून असतोच, हिरवा ओसरला की तो दिसतो. लालाचं तसं नाही. तो पानात उरलेल्या साखरेपासून शरदातच तयार होतो. त्याला दिवसा स्वच्छ ऊन आणि रात्री गारवा लागतो, पण गोठण चालत नाही. शिवाय ओलसर जमिनीतले तांबडे मेपल आधी रंगतात आणि ओक सगळ्यांत शेवटी.

नानांनी वहीत लिहून घेतलं. मला बरं वाटलं. मग त्यांनी वर बघितलं.

"म्हणजे रात्री गार पाहिजेत."

"हो."

"गोठायला नकोत."

"बरोबर."

"मग त्याची व्यवस्था काय केली आहेस?"

खोलीत कोणीही हसलं नाही. पिवळ्या पोर्शवाल्या बाईंनी तर पेन उघडून माझ्या उत्तराची वाट बघितली. मी म्हटलं, हवामान माझ्या हातात नाही. नाना म्हणाले, "आय सी," आणि वहीत काहीतरी खोडलं.

मग मूस आला. मूस म्हणजे सांबराला उंटाचे पाय लावल्यावर दिसेल तसला प्राणी. न्यू हॅम्पशरमध्ये 'मूससाठी ब्रेक दाबा' अशा सरकारी पाट्या आहेत, आणि त्या गमतीच्या नाहीत. त्याचे पाय इतके उंच असतात की धडक पायांना बसते आणि धड थेट काचेवर येतं. आमच्या क्लबातल्या बऱ्याच गाड्यांना तर टपही नाही. मी हे सगळं सुरक्षिततेच्या मुद्द्याखाली मांडलं. अंधार पडायच्या आत खाली उतरायचं, म्हणून परतीची वेळ चारची ठेवली आहे, असं सांगितलं.

"मूस कोणत्या बाजूने येतो?" नाना.

"म्हणजे?"

"डावीकडून की उजवीकडून? उजवीकडे माझी बायको बसते."

मी म्हटलं, दोन्हीकडे जंगल आहे, कुठूनही येऊ शकतो. नानांनी लिहून घेतलं : मूस, बाजू अनिश्चित. माझ्यासमोर लिहिलं. मी उलटं वाचू शकतो.

इथे जरा थांबून सांगतो, मी मूळचा साताऱ्याचा. कासच्या पठारावर सप्टेंबरात फुलं बघायला पुण्याहून लोक येतात. आता तर 2012 पासून जागतिक वारसा वगैरे झाल्यापासून ऑनलाइन नोंदणी करून, शुल्क भरून येतात. भिजलेले, चिखलात रुतलेले, रांगेत तासभर उभे राहिलेले. त्यांना आमच्याकडचा कोणीही माणूस, मग तो कणीस विकणारा का असेना, एकच वाक्य फुकटात ऐकवतो : गेल्या आठवड्यात यायला पाहिजे होतं. मला वाटायचं ही सातारी खोड. नाही. व्हरमाँटमध्ये हेच, न्यू हॅम्पशरमध्ये हेच. ज्या दुकानात सिरप घेतलं तिथल्या आजीबाईंनी गल्ला बंद करत मला हेच सांगितलं. तेव्हा तर सप्टेंबर नुकता लागला होता आणि झाडं हिरवीगार होती.

तर बैठक. मूस संपल्यावर नाना स्वच्छतागृहांवर आले. त्यांचा प्रश्न रास्त होता, हे मी कबूल करायला तयार आहे, पण त्यांनी तो ज्या चिकाटीने विचारला ती रास्त नव्हती. लिंकनला एक आहे, बरं. मग पुढचं किती मैलांवर? तिथे दारं किती? वाटेतल्या थांब्यांवर आहेत ती बिनपाण्याची, खड्ड्यावरची, असं मी सांगितल्यावर त्यांनी विचारलं, खड्डा किती खोल. अठरा गाड्या म्हणजे छत्तीस माणसं, माणशी तीन मिनिटं, म्हणजे एका दाराशी एकशे आठ मिनिटं. त्यांनी गणित तोंडी केलं. मग वयोमानानुसार तीनाची चार केली आणि पुन्हा गुणलं. कॉफी आली, गेली. पोर्शवाल्या बाईंनी न्याहारीतून कॉफीच वगळावी अशी सूचना मांडली, तिला अनुमोदनही मिळालं.

शेवटी माझं डोकं फिरलं. मी म्हटलं, "चौतीस मैल जंगल आहे. झाडांचा तुटवडा नाही."

साताऱ्यात या वाक्यावर सभा संपली असती आणि लोक चहा प्यायला बाहेर पडले असते. इथे शांतता पसरली. नानांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला आणि अत्यंत सौम्य आवाजात मला पॉम्फ्रेट माहीत आहे का विचारलं.

मला माहीत होतं. व्हरमाँटमधलं ते छोटं गाव. तिथल्या क्लाउडलँड रोडवरच्या एका खासगी फार्मचे फोटो इंटरनेटवर इतके फिरले की शरदात गावकऱ्यांना स्वतःच्याच रस्त्यावरून जाणं अशक्य झालं. लोक कुंपणं ओलांडून आत शिरायचे, अंगणात कपडे बदलायचे, आणि झाडांचा तुटवडा नाही या तत्त्वावरही चालायचे. 2023 मध्ये गावाने 23 सप्टेंबर ते 15 ऑक्टोबर हा रस्ता बाहेरच्यांसाठी बंदच करून टाकला. हे सगळं मला ठाऊक असूनही नानांनी ते पहिल्यापासून सांगितलं. सावकाश, नकाशा काढून, मध्ये मध्ये 'तुमच्या देशात कसं असतं मला कल्पना नाही' असं म्हणत.

मी या देशात कर भरतो, बर्फ उपसतो, यांच्या क्लबाची वर्गणी जानेवारीतच भरतो. गेल्या वर्षी याच नानांची गाडी भर रस्त्यात बंद पडली तेव्हा दोरी माझ्या डिकीत होती. आणि माझ्या देशात कसं असतं याची कल्पना त्यांना नाही म्हणे. ते वाक्य मला अजून पचलेलं नाही. त्यावर काहीतरी झणझणीत बोलायला हवं होतं. सुचलं, पण घरी आल्यावर, दात घासताना, आणि मराठीत.

बैठकीतच त्यांनी माझ्या मार्गात एक बदल सुचवला. लिंकनला मी डावं वळण ठेवलं होतं. नाना म्हणाले, समोरून वाहतूक येत असताना अठरा गाड्या डावीकडे कशा वळणार? चार वळतील, चौदा अडकतील. त्यापेक्षा सरळ जाऊन, वाहनतळात वळसा घालून, उजवीकडून या. सगळ्यांनी माना डोलावल्या. त्या एका वळणाच्या जोरावर 34.5 मैलांचा रस्ता त्यांचा झाला. आणि जो विषय मी असंस्कृतपणे हाताळला, तो सुधारणेची संधी म्हणून माझ्याकडे आला.

आईला फोनवर सगळं सांगितलं. तिला मूळ कार्यक्रमच समजला नाही. "पानं वाळायला लागली ती बघायला जाता? गाड्या घेऊन?" मी म्हटलं, हो, लाखो लोक येतात. "आणि तुमच्या अंगणात पडतात ती?" ती मी दर नोव्हेंबरात दाताळ्याने ओढून, कागदी पिशव्यांत कोंबून रस्त्याच्या कडेला ठेवतो. पाठ धरते. ते बघायला आजवर कोणी आलेलं नाही. ओकची असतात, तपकिरी. नानांच्या बायकोला चालणार नाहीत.

एवढं करून शनिवारी मी बघणार काय, तर माझी जागा ताफ्यात सगळ्यांत शेवटी आहे. शेवटच्या गाडीचं काम म्हणजे कोणी मागे राहिलं तर थांबायचं, चुकला तर शोधायचं, बंद पडला तर सोबत करायची. वर हॅन्कॉकच्या थांब्याशी रस्ता पूर्ण उलटा फिरतो, समोर डोंगरच्या डोंगर पेटल्यासारखे दिसतात, लोक गाड्या सोडून कठड्याला जाऊन उभे राहतात. मी तेव्हा गाड्या मोजत असेन. सोळा, सतरा. अठरावी कुठे आहे?

अठरावी कुठे असेल याचा मला अंदाज आहे. आघाडीला असूनही ती मागे येईल. बैठक संपवून वाहनतळात आलो तेव्हा नानांनी मोठ्या कौतुकाने मला गाडी दाखवली. लाकडी स्टिअरिंग, पितळी बटणं, चामड्याचा वास. पेट्रोलचा काटा निम्म्यावर होता. मी म्हटलं, लिंकनला टाकी भरून घ्या हं, पुढे पंप नाही. ते हसले. म्हणाले, काटा गेली कित्येक वर्षं निम्म्यावरच आहे, ते अंदाजाने चालवतात, आणि अंदाज सहसा बरोबर येतो. मी 'सहसा' म्हणजे किती टक्के विचारणार होतो, पण तोवर त्यांनी इंजिन सुरू केलं होतं आणि त्या आवाजात काही ऐकू येत नाही.

तेव्हा आज सकाळी पाच गॅलनचा लाल डबा आणला. मियाटाच्या डिकीत तो उभा राहत नाही आणि आडवा ठेवला तर झाकणातून वास येतो. बायकोच्या पायाशी बरोबर बसतो. तिला अजून सांगितलेलं नाही.