दोन मित्रांची हळुवार गोष्ट, म्हणे

आमच्या सिनेमावाल्या व्हॉट्सॲप ग्रुपवर ‘साबर बोंडं’बद्दल गेल्या दोन आठवड्यांत जे काही लिहून आलं, ते काल रात्री पुन्हा वर सरकवत सगळं वाचून काढलं. तरल. संयत. मातीतला. मौनाची भाषा. गाव आणि शहरातलं अंतर. ‘दोन मित्रांची हळुवार गोष्ट’ हे तर चौघांनी लिहिलंय, आणि त्यातल्या दोघांनी सिनेमा बघितलेला नाही हे मला पक्कं ठाऊक आहे. मालक, सगळी विशेषणं मान्य. पण एका पुरुषाचं दुसऱ्या पुरुषावर प्रेम आहे, हे एवढं साधं वाक्य आपल्यातल्या एकाच्याही बोटातून उतरलं नाही.

माझ्याही नाही. मी लिहिलं होतं, ‘वडील गेल्यानंतरचे दहा दिवस. जरूर बघा.’ अंगठे भरपूर आले. म्हणून आधी स्वतःचं सांगतो, मग भांडायला मोकळा.

ज्यांच्यापर्यंत पोचलंच नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. साबर बोंडं म्हणजे निवडुंगाची लाल फळं. रोहन परशुराम कानवडे यांचा हा पहिलाच पूर्ण लांबीचा चित्रपट. २०२५च्या जानेवारीत अमेरिकेत सनडान्स महोत्सवात दाखवला गेला आणि जागतिक चित्रपटांच्या कथा-विभागातलं सगळ्यात मोठं, ग्रँड ज्युरी पारितोषिक घेऊन आला. तिथं पोचलेला पहिला मराठी चित्रपट. १९ सप्टेंबरला आपल्याकडे थिएटरात लागला. मुंबईत राहणारा आनंद वडिलांच्या दिवसांसाठी आईबरोबर गावी येतो, दहा दिवस तिथं अडकतो, आणि लहानपणचा बाळ्या त्याला पुन्हा भेटतो. दिग्दर्शकानं स्वतःचे वडील गेल्यावर जे भोगलं त्यातून ही गोष्ट आली आहे. गोष्ट थोडी फुटेल पुढे, तेव्हा बघायचा असेल तर इथंच थांबा.

आता आमची वारी. पहिल्या आठवड्यात आम्हाला सोयीचा शो काही इथं सोलापुरात जमेना, म्हणून २१ तारखेच्या रविवारी चौघं जण हुतात्मा एक्स्प्रेसनं पुण्याला गेलो. (सरकारनं २०१५ साली मल्टिप्लेक्सवाल्यांना दुपारी बारा ते रात्री नऊ या वेळात मराठी चित्रपट दाखवायची सक्ती केली, हे आमचे सर दर महिन्याला ग्रुपवर आठवण करून देतात. सक्तीनं पडदा मिळतो, माणसं मिळत नाहीत, हे त्यांना मी दर महिन्याला सांगतो. ते असो.) पहाटे स्टेशनवर चहा, डब्यात कडक भाकरी, शेंगाचटणी, दह्याची बाटली. चौघं म्हणजे मी, शाळेतले सर, बँकेतला मित्र, आणि अशोक चौकाकडचा आमचा तेलुगू गडी. हा तेलुगू पिक्चर पहिल्या दिवशी पहिल्या शोला बघतो, कागद उधळतो आणि घसा बसवून घरी येतो. त्याला का नेलं, असं सरांनी मला दोनदा हळूच विचारलं.

आणि तो दिवस कुठला, तर सर्वपित्री अमावस्या. वडील गेलेल्या माणसाच्या घरी त्या दिवशी काय असतं ते सांगायला नको. पान वाढायचं, गच्चीवर कावळ्याची वाट बघायची. थोरला भाऊ घरी होता म्हणून मी सुटलो. आईला काय सांगितलं? कंपनीचं काम निघालंय पुण्यात. आम्ही टॉवेलच्या कारखान्यात हिशेब लिहिणारी माणसं, आमचं रविवारी पुण्यात कसलं डोंबलाचं काम निघणार! पण आई म्हणाली, जा. बापाच्या पानाला दांडी मारून मी बापाच्या दहाव्याचा पिक्चर बघायला गेलो होतो, हे गाडी कुर्डुवाडी सोडताना लक्षात आलं आणि भाकरी घशाखाली उतरेना.

थिएटरात साठेक माणसं असतील. पुण्याच्या मानानं कमी, असं सर म्हणाले. सिनेमा एक तास बावन्न मिनिटांचा. पार्श्वसंगीत नाही. कॅमेरा एका जागी ठाण मांडून बसतो आणि माणसं त्याच्या समोरून जातात, येतात, भांडी ठेवतात, उठतात. पहिली वीस मिनिटं हॉलमध्ये खुर्च्यांचा कुरकुर आवाज येत होता. मग नातेवाईक सुरू झाले. अमुक घालू नको, तमुक खाऊ नको, इथं बसू नको, तिथं निजू नको. आणि लग्नाचा विषय. हॉल हसला. सगळ्यांनाच ओळखीचं होतं ते.

मी हसलो नाही. २०१९ला आमच्या घरी पाचव्या दिवशी एक चुलते माझ्या शेजारी चटईवर येऊन बसले होते. दाढी वाढलेली, अंगावर तीच बनियन, आणि ते कानाशी येऊन म्हणाले, “वर्षाच्या आत उरकून टाक बाबा, नाहीतर तीन वर्षं थांबावं लागतंय.” आत बायका रडत होत्या. बाहेर माझ्या लग्नाचा मुहूर्त ठरत होता. मी अकराव्या महिन्यात लग्न केलं. मला बायको चांगली मिळाली, हा माझा नशिबाचा भाग. (हे तिनं वाचलंय. ‘भाग नव्हे, सगळंच’ असं म्हणाली.) पण त्या चटईवर माझ्या जागी आनंद बसलेला असता तर? त्यानं काय उत्तर द्यायचं त्या चुलत्यांना? हा प्रश्न मला सहा वर्षांत पहिल्यांदा पडला, आणि तो पडायला अंधारात बसावं लागलं. सिनेमानं माझ्यापुरतं काय केलं म्हणाल तर हे.

मग ते दोघं झाडाखाली आडवे पडलेले असतात तो प्रसंग. पडद्यावर काहीही होत नाही. दोन माणसं पडलीत, सावली हलतेय. आणि हॉलमध्ये मात्र सगळं काही झालं. मागच्या रांगेत कुणीतरी ‘अगंगं’ केलं. डावीकडे तीन पोरं एकमेकांना कोपरं मारून हसली. बँकेतल्या मित्रानं फोन काढला, उजेड कमी केला आणि व्हॉट्सॲप वरखाली करत बसला. मेसेज एकही आला नव्हता, मी बघितलं. आणि पुढचं एक वयस्कर जोडपं उठलं. बाईंनी पर्स शोधली, काकांनी पाण्याची बाटली घेतली, दोघं पायऱ्यांचे दिवे बघत बघत खाली गेले. बाई दारापाशी थांबून पडद्याकडे बघत होत्या. दहा-बारा सेकंद असतील. मग काकांनी हाक मारली.

मला राग त्या काकांचा आला नाही. ते सरळ उठून गेले. त्यांना दिसलं की हे प्रेम आहे, ते त्यांना झेपलं नाही, ते गेले. त्यांनी सिनेमा नीट बघितला होता. न बघता बघितल्यासारखं केलं ते आपण, ‘मैत्री’ म्हणणाऱ्यांनी.

परतीच्या गाडीत हेच पेटलं. दौंडला भेळ घेतली आणि सर सुरू झाले. “त्याला तुम्ही समलिंगी वगैरे लेबल लावू नका, ती मानवी नात्याची वैश्विक गोष्ट आहे.” सर माणूस सोन्यासारखा, पण वैश्विक हा शब्द ते अडचणीत आले की काढतात. मी म्हटलं, सर, एखाद्या पिक्चरात मुलगा-मुलगी असती तर तुम्ही म्हणाला असता का, की प्रेमकथा म्हणू नका, मानवी नातं म्हणा? सर खिडकीबाहेर बघायला लागले. बँकवाला म्हणाला, “अरे लोकं जाणार नाहीत बे तसं लिहिलं तर. मैत्री म्हटलं की घरचे तरी जातील.” म्हणजे फसवून न्यायचं. आणि मग झाडाखालच्या प्रसंगाला त्या घरच्यांनी पर्स शोधायची.

गंमत बघा. ज्या शुक्रवारी ‘साबर बोंडं’ लागला त्याच दिवशी ऑस्करसाठी भारताकडून ‘होमबाउंड’ निवडल्याची बातमी आली, आणि ग्रुपवर दोन पार्ट्या पडल्या. होमबाउंड २६ला लागला. ती खरोखरच दोन मित्रांची गोष्ट आहे, पोलीस भरतीच्या मागे लागलेल्या दोन पोरांची. तिला सगळ्यांनी बरोबर मैत्री म्हटलं. म्हणजे शब्द आपल्याला येतात. कुठं वापरायचे तेही कळतं.

आठ वाजले आणि आशिया कपची भारत-पाकिस्तान मॅच सुरू झाली, मग अख्खा डबाच मोबाइलवर वाकला. भिगवणच्या पुढे नेटवर्क जायला लागलं. पाकिस्तानची बॅटिंग चालू, स्क्रीनवर गोल गोल फिरतंय, कुणी ओरडतंय ‘गेला का’, आणि गाडी अंधारात जेऊरवरून जात होती. जेऊर म्हणजे नागराज मंजुळेंचं गाव. आमचा तेलुगू गडी, जो दौंडपासून एक शब्द बोलला नव्हता, तो तिथं बोलला.

“सैराटला आपण काय केलं?” म्हणाला. “झिंगाटला मी खुर्चीवर चढून नाचलोय. आणि शेवटी आवाज बंद झाला, ते लेकरू रक्ताच्या पावलांनी चालत गेलं, तेव्हा माझ्या हातात कागद तसाच राहिला. कोण म्हणतंय आपल्या लोकांना शांत पिक्चर बघता येत नाही?”

मग म्हणाला, “आणि सैराटला आपण मैत्री म्हटलं नाही. जात म्हटलं. लफडं म्हटलं, प्रेम म्हटलं, शिव्या दिल्या, पण जे होतं ते म्हटलं.”

सर खिडकीतून आत वळले.

मला हे सुचलं नव्हतं, ही खंत आहे. २९ एप्रिल २०१६ला सैराट लागला तेव्हा याच जिल्ह्यात चहाच्या टपरीवर आंतरजातीय लग्नाबद्दल माणसं तावातावानं बोलत होती. कुणी शहाणं बोललं, कुणी घाण बोललं. पण बोलली. इथं तर शांतता, आणि त्या शांततेला आपण ‘संयत’ म्हणतोय. सर्वोच्च न्यायालयानं ६ सप्टेंबर २०१८ला समलिंगी संबंध हा गुन्हा नाही म्हणून सांगितलं, त्याला सात वर्षं उलटून गेली. आपण अजून खुर्चीत चुळबुळ करतोय.

सिनेमा मला सगळा आवडला असंही नाही. मधला भाग लांबला आहे, एक-दोन ठिकाणी कॅमेरा उगाच हट्टानं बसून राहतो असं वाटलं. कंटाळा आला तर कंटाळा आला म्हणावं. पुरस्कार मिळालाय म्हणून जांभई दाबायची गरज नाही. पण जयश्री जगताप यांची आई, तिच्यासाठी मी पुन्हा पाच तास गाडीत बसेन. तिला पोराचं सगळं ठाऊक आहे. ती त्याबद्दल भाषण करत नाही. नातेवाइकांच्या आणि त्याच्या मध्ये ती नुसती असते. भूषण मनोज आणि सुरज सुमन चांगले आहेतच, पण ती बाई घरी आल्यावरही डोक्यातून जात नव्हती.

पोस्ट तेव्हाच टाकणार होतो. पण दोन दिवसांत सीना नदीला पूर आला, माढा-मोहोळकडची गावं पाण्यात गेली, आमच्या कारखान्यातल्या तिघांची घरं त्यात होती, आणि सिनेमावर लिहायची लाज वाटली.

मग दसरा झाल्यावर एका संध्याकाळी आई शेंगा कुटत बसली होती. मीच विषय काढला. म्हटलं, अमावस्येला कंपनीचं काम नव्हतं, पिक्चरला गेलो होतो. ती म्हणाली, “ठाऊक हाय. भाऊ बोलला.” कुटणं थांबलं नाही. “कशावर होता?”

जिभेवर ‘दहाव्यावर’ आलं होतं. ‘दोन मित्र’ही आलं होतं. म्हटलं, “बाप गेल्यावर पोरगं गावी जातं. तिथं दुसऱ्या एका पोरावर त्याचं प्रेम असतंय. बाईवर असतंय तसं.”

मुसळ दोन-तीनदा खाली आलं.

“त्याच्या आईला ठाऊक असतंय?”

“हो.”

“नाव काय पिक्चरचं?”

“साबर बोंडं.”

तेव्हा ती थांबली. हाताचा कूट उखळीत झटकला. बार्शीकडच्या माळावर लहानपणी खाल्लेत आम्ही, म्हणाली, जीभ लाल व्हायची, शाळेत मार बसायचा. मी म्हटलं, त्यात तो बाळ्या आनंदसाठी बोंडं घेऊन येतो.

“कुसळं काढून आणतोय का तशीच?”

“काढून.”

“हं,” म्हणाली, आणि मिठाचा डबा पुढं सरकव म्हणून खूण केली.