‘नॅनो हळद घ्या, गोळी सोडा’ हे ऐकू नका

खानापूरपासून निपाणीपर्यंतच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय: ‘नॅनो-कर्क्युमिनचे थेंब रक्ताच्या गुठळ्या विरघळवतात. वनस्पतीजन्य, म्हणून निर्धोक. रक्त पातळ करायची गोळी आजच बंद करा.’ कर्क्युमिन म्हणजे हळदीतला पिवळा घटक. माझ्या खानापूरच्या मावशीच्या हृदयात कृत्रिम धातूची झडप आहे. परवा तिच्या उशाशी ती पिवळी बाटली दिसली. शेजारी गोळ्यांची डबी होती, त्यातले पाच दिवसांचे कप्पे तसेच भरलेले.

वनस्पतीजन्य म्हणजे निर्धोक? मावशीच्या रक्त पातळ करायच्या गोळीचं, वॉर्फरीनचं, मूळ चाऱ्यातच आहे. १९२० च्या दशकात उत्तर अमेरिकेत बुरशी लागलेलं स्वीट क्लोव्हर हे चाऱ्याचं पीक खाऊन गुरं रक्तस्रावानं मेली. त्यातलं रक्त गोठू न देणारं रसायन, डायक्युमेरॉल, अमेरिकन रसायनशास्त्रज्ञ कार्ल लिंक यांच्या प्रयोगशाळेनं वेगळं काढलं. त्याच धर्तीवर घडवलेलं वॉर्फरीन १९४८ मध्ये बाजारात आलं ते उंदरांचं विष म्हणून. १९५४ पासून ते माणसांना देतात, पण रक्त तपासत, मोजून.

‘नॅनो’ मात्र थाप नाही. कर्क्युमिन पाण्यात विरघळत नाही, आतड्यात आणि यकृतात झटकन बदलतं. कित्येक ग्रॅम खाल्लं तरी रक्तात जेमतेम उतरतं. मेदाच्या किंवा पॉलिमरच्या अतिसूक्ष्म कणांत भरलं की जास्त पोचतं. या संशोधनाबद्दल मला आस्था आहे. पण जास्त पोचलं की धोकाही वाढतो, हे मेसेजवाला सांगत नाही. बेंगळुरूच्या सेंट जॉन्स मेडिकल कॉलेजमध्ये १९९८ साली नुसत्या मिरीतल्या पायपरीननं कर्क्युमिनचं शोषण सुमारे वीसपट वाढलेलं दिसलं होतं. न्यूझीलंडच्या औषध नियामकानं २०१८ मध्ये वॉर्फरीनवरच्या एका रुग्णाची नोंद दिली: हळदीचं उत्पादन सुरू केल्यावर काही आठवड्यांत आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो याचा आकडा; जितका जास्त तितकं रक्त पातळ) १० च्या वर. बहुतेकांना तो २ ते ३ हवा असतो.

राहिलं गुठळ्या विरघळवणं. प्रयोगशाळेत कर्क्युमिन प्लेटलेट (रक्त गोठायला मदत करणाऱ्या पेशी) चिकटणं कमी करतं, पण ते गुठळी विरघळवणं नव्हे. वॉर्फरीन के जीवनसत्त्वाची वाट अडवून रक्त गोठवणारे घटकच कमी करतं. धातूच्या झडपेला ते लागतं, थेंबांनी ती जागा भरत नाही. मावशीला त्याच दिवशी बेळगावला नेलं, आयएनआर १.३ निघाला.

रायबाग-अथणीकडं हळद पिकते, तिच्यावर आपला जीव आहे. आमटीतली हळद कुणी सोडायला सांगत नाही. पण तुमच्या घरी कुणी गोळी थांबवली असेल तर आज भरपाई म्हणून दोन एकदम देऊ नका. लगेच डॉक्टरांना फोन करा आणि बाटली सोबत न्या.