मेज सगळ्यांचं, पण भाकर बाकापर्यंत नेणार कोण?

रविवारची उपासना सुटून तासही झाला नसेल, तर आमच्या चर्चच्या मंडळीच्या ग्रुपवर मेसेज पडला: "सर्वसमावेशक उपासना वगैरे म्हणजे काय, तर शिस्त सोडायची आणि ज्याला जे वाटेल ते करू द्यायचं." खाली अंगठ्यांची रांग. म्हणून हे लांबलचक लिहितेय. घाईत असाल तर पुढे सरका.

अहो, उलट आहे. सगळ्यांना घेऊन उपासना करायची तर शिस्त दुप्पट लागते. मोकळं सोडलं की काय होतं ते आज सकाळीच दिसलं. प्रभुभोजनाचं, म्हणजे येशूच्या आठवणीत भाकर आणि रस घ्यायच्या विधीचं, बोलावणं झालं, "सर्वांनी पुढे यावं." रांग लागली. वॉकर घेऊन येणाऱ्या आजी तिसऱ्या बाकावर बसून राहिल्या. रांग संपली, थाळी झाकली, शेवटचं गीत सुरू झालं. बाजूला उभ्या स्वयंसेवकाला विचारलं तर म्हणाला, "मला वाटलं, त्या घेत नाहीत."

मला वाटलं! पंगतीत वाढप्यालासुद्धा ठाऊक असतं वाढायला कुठून सुरुवात करायची. आपल्याकडे प्रभूच्या मेजाशी सगळं अंदाजपंचे.

आणि आपणच असं वागावं? आपलं चर्च ऑफ नॉर्थ इंडिया २९ नोव्हेंबर १९७० ला नागपुरात झालं ते सहा वेगवेगळ्या पंथांच्या मंडळ्या एकत्र येऊन. बाळाला बाप्तिस्मा देणारे आणि मोठेपणी विश्वास कबूल केल्यावरच देणारे एका छपराखाली आले. ते "घेऊ चालवून" म्हणून नाही जमलं. वर्षानुवर्षं बसून, दोन्ही वाटा मान्य करून, कागदावर लिहून जमलं.

तर कागदच धरू. उपासनेचं पत्रक गुरुवारपर्यंत तयार पाहिजे. शनिवारी रात्री केलं की वाचणाऱ्याला उतारा रविवारी दारात मिळतो आणि तो नबुखद्नेस्सरासारख्या नावापाशी अडखळतो. मोठ्या अक्षराच्या प्रती वेगळ्या काढा: अठरा पॉइंट, ठळक, कागद चकाकणारा नको, पाठीमागे फिकं चित्र तर अजिबात नको. आणि त्या दारावरच सगळ्यांना दिसतील अशा ठेवा, मागून घ्यायला लावू नका. "सर्वांनी उभे राहावे" काढून "उभे राहून किंवा बसून गाऊ या" लिहा. एवढ्यानं गुडघेदुखीवाल्यांची मान ताठ राहते.

माईक. "माझा आवाज मोठा आहे, मला नको" म्हणणाऱ्या मंडळीच्या वडीलजनांना हात जोडून सांगा की कानाला यंत्र लावलेल्या माणसाला लांबून मारलेली हाक फक्त घुमते. शास्त्रवाचनाचा स्टँड पायऱ्यांवर नको, खाली जमिनीवर हवा आणि उंची कमीजास्त होणारा हवा. नाहीतर व्हीलचेअरवरची मुलगी कधीच वाचणार नाही, आणि आपण म्हणणार, पुढे कुणी येतच नाही.

गीतं. रेव्हरंड ना. वा. टिळकांचे अभंग पेटी-तबल्यावर गायचे, आघाडीच्यानं ओळ म्हणायची आणि मंडळीनं ती उचलायची, ही पद्धत वाचता न येणाऱ्यालाही आत घेते. आपल्याला हे आयतं मिळालंय, पडद्यावर शब्द दाखवायच्या नादात घालवू नका. फक्त पट्टी सांभाळा. क्वायरची पोरगी काळी पाचला उचलते आणि अंतऱ्याला अर्धे पुरुष गप्प. काळी एक-दोनच्या आसपास ठेवा.

पापकबुलीनंतर निदान अर्धा मिनिट शांतता. लोक घाबरतात आणि लगेच पेटी वाजते. मध्यस्थीच्या, म्हणजे इतरांसाठीच्या, प्रार्थनेत तुकडे लहान ठेवा, प्रत्येकानंतर एकच ठरलेला प्रतिसाद, म्हणजे न पाहणाराही सामील होतो. आणि विचारल्याशिवाय कुणाचा आजार नावानिशी माईकवर सांगू नका. ती प्रार्थना नव्हे, बातमीपत्र.

हो, इतकं सगळं ठरवलं की उपासना सरकारी कार्यक्रमासारखी वाटू शकते. मान्य. पुढे.

आता भाकर आणि रस. गव्हाचा त्रास असलेल्यांसाठी ज्वारीची भाकर ठेवा, पण ती गव्हाच्या पिठाच्या परातीत मळू नका, तवाही वेगळा घ्या. थाळी वेगळी, झाकलेली, आणि ती हाताळणारा माणूसही वेगळा. भाकर प्याल्यात बुडवून द्यायची पद्धत असेल तर त्यांना वेगळा पेला द्या, कारण पहिल्या दोघांतच प्याल्यात कण पडतात. मनुकांचा रस शनिवारी काढून बाहेर ठेवला की रविवारपर्यंत, विशेषतः उन्हाळ्यात, आंबू लागतो. दारू सोडलेल्या माणसापुढे आपण काय धरतोय याचा विचार करा. उकळा, गाळा, गार करून फ्रिजमध्ये ठेवा. लहान पेल्यात दहा मिली धरलं तर शंभर जणांना एक लिटर पुरतो.

आणि बाकावर बसणाऱ्यांना रांगेच्या आधी द्या. शेवटी ठेवलं की कुणीतरी राहतं, किंवा गाणं थांबतं आणि अख्खी मंडळी त्या एकटीकडे टक लावून बघते. दोन माणसं नेमा, त्यांची नावं पत्रकावर लिहा. आजींचं काम एवढ्यानं झालं असतं. एवढ्यानं! जातपात सोडून एका ताटातली भाकर मोडणं हेच आपल्या आजा-पणज्यांचं बंड होतं, आणि नातवंडांना थाळी आठ पावलं नेता येत नाही.

शांतीची देवघेव, म्हणजे उपासनेत एकमेकांना शांतीचं अभिवादन करणं, घ्या. चर्च ऑफ साऊथ इंडियाच्या १९५० च्या विधीत ती मेजापासून बाकापर्यंत तळव्यातून तळव्यात दिली जाते. सुंदर आहे. पण परक्याचा स्पर्श नको असणारे असतात, त्यांना नमस्कार पुरे. मिठ्या मारत फिरणाऱ्या काकांना हे आधी सांगून ठेवा.

एक अवघड गोष्ट. बऱ्याच मंडळ्यांत अजून बायका एका बाजूला, पुरुष दुसऱ्या. तृतीयपंथी माणूस दारात आला तर दारावरचा भाऊ त्याला कुठे पाठवणार? तो गोंधळतो, आणि त्या गोंधळातच पाहुणा परत फिरतो. "बसा, कुठेही बसा" हे वाक्य त्याच्या तोंडी आधीच बसवलेलं हवं. "हे पाश्चात्त्य खूळ" म्हणणाऱ्यांसाठी: १८१३ साली मुंबईत अमेरिकन मराठी मिशन सुरू करणाऱ्या काँग्रिगेशनल मंडळ्यांचा वारसा आज अमेरिकेतल्या युनायटेड चर्च ऑफ ख्राईस्टकडे आहे. तिथे १९७२ मध्ये उघडपणे समलिंगी असलेल्या पाळकाला दीक्षा मिळाली, १९८५ मध्ये सर्वसाधारण सभेनं मंडळ्यांना स्वागताची जाहीर घोषणा करायचं आवाहन केलं. त्यांचं बायबल आणि शाळा घेतल्या तेव्हा खूळ नव्हतं वाटलं.

लिहिता लिहिता राग उतरला थोडा. तो स्वयंसेवक पोरगा वाईट नाही हो. त्याला थाळी धरायला सांगितलं, बाकांकडे बघायला कुणी सांगितलंच नव्हतं. आजींना दुपारी घरी जाऊन प्रभुभोजन देता येईल, पाळकसाहेबांनी होही म्हटलंय.

तुमच्या मंडळीत बाकावर आधी देतात की शेवटी? आणि ज्वारीची भाकर कोण करतं? खाली लिहा, पुढच्या गुरुवारी पत्रक करताना उपयोगी पडेल.